चीटर आणि त्रासदायक खेळाडूंपासून लांब राहून खेळायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही चार मित्र रोज रात्री दोन तास टीम शूटर खेळतो. पाचवा खेळाडू मॅचमेकिंगमधून येतो, म्हणजे गेमच जुळवून देतो. हल्ली दर दोन-तीन मॅचमागे कुणी हॅकर भेटतो, कुणी शिव्या देणारा, कुणी मुद्दाम हरवणारा. रिपोर्ट करून थकलो. अशा लोकांना टाळता येतं का, की गेमच सोडावा? आणि आमच्यातलाच एक जण 'गंमत म्हणून' दुसऱ्या आयडीवरून वॉलहॅक (भिंतीपलीकडचे शत्रू दाखवणारं चीट) वापरायला लागलाय. त्याचं काय करायचं?"

गेम सोडू नका. मी बरीच वर्षं खेळाडूंनी चालवलेले सर्व्हर सांभाळले. तक्रारी वाचायच्या, डेमो म्हणजे मॅचची रेकॉर्डिंग बघायची, कुणाला बॅन करायचं ते ठरवायचं, हे माझं रात्रीचं काम होतं. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. वाईट खेळाडू मॅचमध्ये भेटला की त्याचं फारसं काही करता येत नाही. जे करता येतं ते 'प्ले' दाबायच्या आधी. मॅचमेकिंग तुम्हाला सगळ्या जगातून खेळाडू निवडून देत नाही, एका गटातून देतं. तो गट तुमची रँक, तुमचा सर्व्हर, तुमचा मोड, तुमचं वागणं आणि तुमच्या लॉबीत, म्हणजे एकत्र मॅचला जाणाऱ्या गटात, कोण बसलंय यावरून ठरतो. यातल्या बऱ्याच गोष्टी तुमच्या हातात आहेत, म्हणून सगळा जोर तिथे लावायचा.

स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने 'काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह'मध्ये 2017 च्या नोव्हेंबरमध्ये ट्रस्ट फॅक्टर आणला. खात्याचा पूर्वेतिहास, या गेममध्ये आणि स्टीमवरच्या इतर गेममध्ये घालवलेला वेळ, चीटिंगसाठी किती वेळा रिपोर्ट झालाय, अशा अनेक गोष्टींवरून प्रत्येक खात्याचा एक छुपा विश्वासांक ठरतो आणि सारख्या अंकाची माणसं एकमेकांसमोर येतात. अंक दाखवत नाहीत, कारण दाखवला तर तो वाढवायच्या युक्त्या निघतील. 'डोटा 2'मध्ये मात्र वर्तनाचा गुणांक उघड दिसतो. तो 12,000 पर्यंत जातो आणि मॅच जुळवताना विचारात घेतला जातो. खाली घसरलेल्यांचा व्हॉइस आणि चॅट बंद होतो. म्हणजे चांगलं वागणाऱ्याला चांगली माणसं मिळतात, ही इथे नुसती सदिच्छा नाही, यंत्रणाच तशी बांधलेली आहे.

आता एक अवघड गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही. 'लीग ऑफ लेजेंड्स' बनवणाऱ्या रायट गेम्सने काही वर्षांपूर्वी गेममधलं वाईट वागणं नक्की कुठून येतं ते मोजलं. सतत त्रास देणारे खेळाडू त्यातल्या फक्त 13 टक्क्यांना जबाबदार निघाले. उरलेलं 87 टक्के वाईट वागणं एरवी बरं वागणाऱ्या, अधूनमधून भडकणाऱ्या साध्या खेळाडूंचं होतं. तुमच्या-माझ्यासारख्यांचं. दिवसभर डोकं पिकलेलं असतं, तिसरी मॅच हरतो आणि समोरच्याला काहीतरी टाइप करतो. त्या क्षणी त्याच्या दृष्टीने त्रासदायक खेळाडू आपण असतो. तुम्ही चौघं एका बाजूला आणि बाहेरून आलेला पाचवा एकटा, ही रचना तर फारच नाजूक. चौघं आपसात हसत-बोलत असतात, तो गप्प असतो, एक चूक करतो आणि चौघं मिळून त्याच्यावर तुटून पडतात. मग तो मुद्दाम हरवायला लागतो. मी बघितलेल्या किती तरी तक्रारींमध्ये चौघांनी एकाला रिपोर्ट केलेलं असायचं आणि चॅटचा लॉग उघडला की सुरुवात चौघांपैकीच एकाने केलेली दिसायची. पाचव्याला मॅच सुरू होताच नमस्कार करा, काय ठरलंय ते एका वाक्यात सांगा, त्याच्या चांगल्या शॉटला दाद द्या. मुद्दाम हरवणारे निम्मे खेळाडू तिथेच कमी होतील असं माझा अनुभव सांगतो.

दुसरं, मॅच अर्धवट सोडू नका. समोर हॅकर दिसला की 'चला, निघू' हा पहिला विचार येतो. पण मॅच सोडल्याची नोंद तुमच्या नावावर होते, हॅकरच्या नाही. 'डोटा 2'मध्ये वारंवार सोडणाऱ्यांना लो प्रायोरिटीच्या रांगेत टाकतात आणि तिथे कोण भेटतं? मॅच सोडणारे, शिव्या देणारे, ज्यांना टाळायचं होतं नेमके तेच. गेममध्ये शरणागतीचं किंवा किकचं मत असेल तर ते वापरा. नसेल तर उरलेली मॅच आपल्या सरावाची समजा. तुमच्या खात्याचा इतिहास हे तुमचं भांडवल आहे, एका हॅकरपायी ते उधळू नका.

आता गट बदलायचे थेट उपाय. ज्या मोडमध्ये घुसायला काहीतरी गुंतवावं लागतं, तिथे चीटर कमी असतात. फोन नंबर जोडलेलं खातं, ठरावीक लेव्हल, विकत घेतलेला गेम, दोन टप्प्यांची पडताळणी, काहीही चालेल. कारण सोपं आहे. बॅन झाल्यावर नवं फुकट खातं पाच मिनिटांत निघत असेल तर बॅनची भीती कुणाला? 2018 च्या डिसेंबरमध्ये काउंटर-स्ट्राइक फुकट झाला तेव्हाही प्राइम, म्हणजे विकत घेतलेल्या किंवा ठरावीक लेव्हल गाठलेल्या, खात्यांची रांग वेगळी ठेवली होती, ती याच कारणाने. तुमच्या गेममध्ये अशी वेगळी रांग असेल तर चौघांनीही त्यात असायला हवं. एक जण बाहेर राहिला तरी सगळी लॉबी खालच्या गटात जाते.

कन्सोलवर खेळत असाल तर क्रॉसप्ले, म्हणजे पीसीवाल्यांशी एकत्र मॅच जुळणं, बंद करून बघा. कन्सोलच्या बंदिस्त सिस्टिममध्ये वॉलहॅक किंवा एमबॉट (आपोआप नेम धरणारं चीट) घुसवणं पीसीपेक्षा पुष्कळ कठीण असतं. तिथला रोग वेगळा आहे. काही जण माउस आणि कीबोर्डला कंट्रोलर भासवणारी छोटी उपकरणं लावतात, म्हणजे माउसचा नेम आणि वर कंट्रोलरला मिळणारी एम-असिस्ट, म्हणजे नेम धरायला गेमची मदत, दोन्ही हाती. युबीसॉफ्टने 'रेनबो सिक्स सीज'मध्ये यावर 2023 मध्ये माउसट्रॅप नावाचा उपाय आणला. असं उपकरण ओळखलं की त्या खेळाडूचं इनपुट उशिरा पोचायला लागतं. हा उपाय मला मनापासून आवडतो, कारण बॅनची घाई न करता फसवणुकीचा फायदाच काढून घेतला. मोबाइलवर असाल तर एम्युलेटरवाल्यांना, म्हणजे मोबाइलचा गेम पीसीवर चालवणाऱ्यांना, वेगळं ठेवणारे गेम निवडा. 'पबजी मोबाइल'मध्ये ही सोय आहे, आणि एक मित्र एम्युलेटरवर बसला तर तुमची सगळी स्क्वॉड त्या गटात जाते हेही लक्षात ठेवा.

अँटी-चीट, म्हणजे चीट पकडणारा प्रोग्रॅम, कोणतं आहे हेही बघा. व्हॉल्व्हचं व्हॅक 2002 पासून आहे आणि ते तुमच्या सिस्टिममध्ये फार खोल शिरत नाही. रायटचं व्हॅनगार्ड 2020 मध्ये 'व्हॅलोरंट'बरोबर आलं आणि ते कॉम्प्युटर सुरू होतानाच कर्नलच्या पातळीवर, सिस्टिमच्या गाभ्यात, चालू होतं. खोल जाणारं अँटी-चीट जास्त पकडतं, पण त्यासाठी कंपनीला तुमच्या मशीनचा सर्वात आतला दरवाजा उघडून द्यावा लागतो. मी स्वतः खेळायचं मशीन आणि कामाचं मशीन वेगळं ठेवतो. ते शक्य नसेल तर हा निर्णय विचार करून घ्या, नुसतं 'आय अॅग्री' दाबू नका.

तरी माझ्या मते अँटी-चीटपेक्षा गेमची रचना मोठी. वॉलहॅक चालतो तो का? कारण भिंतीमागचा शत्रू कुठे आहे हे सर्व्हरने तुमच्या मशीनला आधीच सांगितलेलं असतं, फक्त स्क्रीनवर दाखवलेलं नसतं. चीट ती माहिती मेमरीतून उचलतं आणि रंगवून दाखवतं. 'व्हॅलोरंट'मध्ये सर्व्हर शत्रूची जागा तो दिसायच्या बेतात येईपर्यंत पाठवतच नाही. जी माहिती मशीनमध्ये आलीच नाही, ती चोरणार कशी? याच्या उलट ज्या गेममध्ये खेळाडूंची मशीनं एकमेकांशी थेट बोलतात, मधे कंपनीचा सर्व्हर नसतो, तिथे चीटरला रान मोकळं मिळतं. शिवाय समोरच्याला तुमचा आयपी पत्ता दिसू शकतो. 2022 च्या जानेवारीत 'डार्क सोल्स'च्या पीसी आवृत्त्यांचे ऑनलाइन सर्व्हर बंद करावे लागले होते, कारण एका त्रुटीतून हल्लेखोराला दुसऱ्या खेळाडूच्या कॉम्प्युटरवर आपला कोड चालवता येत होता. 'डार्क सोल्स 3'ची सेवा परत यायला ऑगस्ट उजाडला. अशा गेममध्ये अनोळखी लोकांबरोबर खेळताना गेम अपडेटेड ठेवा आणि शक्य तिथे फक्त मित्रांची लॉबी उघडा. 'जीटीए ऑनलाइन'मध्ये तर 2022 च्या उन्हाळ्यातल्या अपडेटपासून व्यवसायाची कामं फक्त निमंत्रितांच्या सेशनमध्येही करता येतात. त्याआधी माल पोचवायला सार्वजनिक सेशनमध्ये जावंच लागायचं आणि कुणीतरी तो उडवून द्यायचं. किती तरी लोकांना ही सोय झाल्याचं अजून माहीतच नसतं.

म्यूट, ब्लॉक आणि अव्हॉइड या तीन गोष्टींत लोक फार गल्लत करतात. म्यूटने आवाज बंद होतो, तेवढंच. बहुतेक गेममध्ये ब्लॉकने फक्त मेसेज आणि फ्रेंड रिक्वेस्ट थांबतात, मॅचमेकिंग त्या माणसाला पुढच्याच मॅचला तुमच्या टीममध्ये बसवू शकतं. मॅच जुळवतानाच त्याला वगळणारी सोय म्हणजे अव्हॉइड, आणि ती थोड्याच गेममध्ये असते. असली तरी जागा मोजक्या मिळतात. यामागे एक गोष्ट आहे. 'ओव्हरवॉच' 2016 मध्ये आला तेव्हा त्यात 'या खेळाडूला टाळा' असं बटन होतं. विडोमेकर या लांबून नेम धरणाऱ्या पात्राने खेळणाऱ्या, जगातल्या उत्तम खेळाडूंपैकी एकाला मॅचच मिळेना. तो कुणाला त्रास देत नव्हता, फक्त फार चांगला खेळायचा, म्हणून शेकडो लोकांनी त्याला टाळलं होतं. गेम आल्यावर काही आठवड्यांतच ते बटन काढून टाकलं. 2018 मध्ये परत आलं ते 'टीममेट म्हणून टाळा' एवढ्यापुरतं आणि मोजक्या जागांसह. म्हणजे टाळलेला माणूस समोरच्या टीममध्ये येऊ शकतो, यात काही बिघडलेलं नाही. त्या जागा वाईट खेळणाऱ्यांवर वाया घालवू नका. मुद्दाम हरवणारे आणि तोंड घाण असणारे, फक्त त्यांच्यासाठी ठेवा.

सेटिंग्जच्या बाहेरचा एक साधा उपाय आहे आणि तो जवळजवळ कुणी करत नाही. वाईट मॅच संपल्यावर लगेच रांगेत जाऊ नका. त्याच रँकचा, त्याच सर्व्हरवरचा तो माणूसही त्याच सेकंदाला 'प्ले' दाबत असतो. दहा मिनिटं थांबा, पाणी प्या, किंवा एक मॅच दुसऱ्या मोडची खेळा. रात्री उशिरा, जेव्हा खेळणारे कमी असतात, तेव्हा हे जास्तच लागू पडतं. रांगेत माणसं कमी असली की मॅचमेकिंगला निवड करायला वाव उरत नाही आणि विश्वासांक कितीही चांगला असला तरी मिळेल त्याच्याबरोबर जोडलं जातं.

आता जरा थांबून एक प्रश्न मी तुम्हाला विचारतो. दर दोन-तीन मॅचमागे हॅकर भेटतो म्हणता, ते खरंच हॅकर असतात का?

हे मी तुम्हाला खोटं पाडायला विचारत नाही. संशय हाच सर्वात जास्त खेळ नासवतो, म्हणून विचारतो. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं एकदा खरा एमबॉट अंगावर आला की पुढचे पंधरा दिवस प्रत्येक हेडशॉट हॅक वाटतो. कोपरा धरून तुम्ही तयार उभे आहात, समोरचा बाहेर येतो आणि तुम्ही ट्रिगर दाबायच्या आत मारतो. याचं कारण बऱ्याचदा नेटवर्क असतं. तो कोपऱ्याबाहेर येतो ते त्याच्या स्क्रीनवर आधी घडतं. मग ते सर्व्हरकडे जातं, तिथून तुमच्याकडे येतं, आणि हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून तुमचा गेम आणखी थोडा उशीर करून दाखवतो. दोघांचा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा वेळ, 60 मिलिसेकंद आणि सर्व्हर 64 टिकचा असला, म्हणजे दर साधारण 15.6 मिलिसेकंदांनी एक हिशोब, तर हे सगळं मिळून 100 मिलिसेकंदांच्या आसपास जातं. माणसाची डोळ्यांनी बघून बटन दाबायची प्रतिक्रिया साधारण 200 ते 250 मिलिसेकंदांची. म्हणजे तुमच्या प्रतिक्रियेच्या जवळपास निम्म्या वेळेची आघाडी त्याला फुकट मिळते. याला पीकर्स अॅडव्हान्टेज म्हणतात. भिंतीमागे पोचल्यावर मेलो, ही तक्रारही इथूनच येते. किलकॅमवर, म्हणजे मेल्यावर मारणाऱ्याच्या नजरेतून दिसणाऱ्या क्लिपवर, विसंबू नका. तो नेमका कुणाच्या मशीनवरचा खेळ दाखवतोय हे गेमगणिक बदलतं आणि त्यात क्रॉसहेअरच्या (नेमाच्या खुणेच्या) उड्या खऱ्यापेक्षा विचित्र दिसतात.

शिवाय स्मर्फ असतात, म्हणजे वरच्या रँकचे खेळाडू नव्या आयडीवर. ते तुमच्या रँकमध्ये हॅकरसारखेच दिसतात. हाही त्रासच आहे आणि त्यांना रिपोर्ट करायला हरकत नाही, पण चीटिंगच्या नावाखाली नको.

खरा चीटर ओळखायचा तर डेमो त्याच्या डोळ्यांनी बघा, निदान चार-पाच राउंड सलग. नवे लोक त्याचे शॉट बघतात. मी तो काय तपासत नाही ते बघायचो. साधा खेळाडू खोलीत शिरला की डावा कोपरा, खोक्यामागची जागा, वरची खिडकी, सगळीकडे क्रॉसहेअर फिरवतो, कारण त्याला माहीत नसतं. वॉलहॅकवाल्याला माहीत असतं. रिकाम्या कोपऱ्यांकडे तो ढुंकून बघत नाही आणि जिथे कुणीतरी अजिबात न हलता, आवाज न करता बसलंय, नेमक्या त्याच दाराशी त्याचे पाय मंदावतात. हुशार चीटर हे लपवायला कधीकधी रिकाम्या कोपऱ्याकडे बघण्याचं नाटक करतो, पण गेममधले पैसे संपत आल्यावर, निर्णायक राउंडला, नाटक गळून पडतं. एखादा प्रसंग पुरेसा नाही. आवाज ऐकू आला असेल, टीममेटने सांगितलं असेल, अंदाज बरोबर आला असेल.

मी हे इतक्या ठामपणे सांगतो कारण माझ्या हातून एकदा चूक झाली आहे. एका मुलाला मी तीन क्लिप बघून कायमचा बॅन केला होता. पंधरा दिवसांनी त्याच्या टीममेटने त्यांच्या व्हॉइस चॅटसकट सगळ्या मॅचचं रेकॉर्डिंग पाठवलं. प्रत्येक वेळी मेलेला टीममेट त्याला शत्रूची जागा सांगत होता, आणि सगळं नियमात बसणारं. मी बॅन उठवला, माफी मागितली. तो परत आला नाही. ते अजून मनाला लागून आहे. त्यानंतर पूर्ण डेमो बघितल्याशिवाय मी कुणालाही काढलं नाही.

मॅच चालू असताना काय करायचं? फार काही नाही, आणि तेच बरं. शिवी आली की पहिल्या शिवीलाच म्यूट, उत्तर न देता. 'तुला रिपोर्ट करतोय' असं सांगूही नका. त्रास देणाऱ्याला तुमची प्रतिक्रियाच हवी असते, ती मिळाली की तो उरलेली मॅच त्यावर खेळतो. समोरच्या टीमबरोबरचं चॅट तर कायमचं बंद ठेवा. रायटने एकदा प्रयोग म्हणून हे चॅट मुळात बंद ठेवलं, हवं असेल त्याने चालू करावं असं. वाईट मेसेज जवळपास एक तृतीयांशाने कमी झाले, चांगले तितक्याच प्रमाणात वाढले आणि चॅटचा एकूण वापर मात्र साधारण तेवढाच राहिला. बोलण्याआधी एक बटन दाबावं लागलं, एवढ्याने हे झालं. टीमशी बोलायला नकाशावर जागा दाखवणारी खूण आणि रेडिओ कमांड (एका बटनाचे तयार संदेश) पुरतात, अनोळखी पाचव्याला त्या जास्त नीट कळतात.

रिपोर्ट एकदाच, योग्य प्रकारात, आणि लिहायची जागा असेल तर राउंड आणि वेळ देऊन. 'हा चीटर आहे, बॅन करा' यापेक्षा 'सातव्या राउंडला धुरातून तीन जण मारले, एकालाही पाहिलेलं नाही' याचा तपासणाऱ्याला उपयोग होतो. मग विसरून जा. रिपोर्ट केला आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी खेळताना दिसला म्हणजे रिपोर्ट वाया गेला, असं नाही. कंपन्या बॅन मुद्दाम उशिरा आणि लाटेने करतात. चीट ओळखल्याक्षणी बॅन केला तर विकणाऱ्याला लगेच कळतं की काय पकडलं गेलं, आणि तो संध्याकाळपर्यंत ते बदलतो. 'डोटा 2'मध्ये व्हॉल्व्हने 2023 च्या फेब्रुवारीत 40,000 हून अधिक खाती एकदम बंद केली. त्यांनी गेमच्या मेमरीत असा एक भाग ठेवला होता जो नेहमीच्या खेळात कधी वाचलाच जात नाही, तो वाचतं फक्त चीट. गप्प बसून सापळा भरू दिला आणि मग दार लावलं. काही गेममध्ये चीटर बॅन झाल्यावर त्या मॅचमधले बाकीच्यांचे गुण पूर्ववत करतात. म्हणूनही मॅच सोडायची नाही.

त्रास शिवीपुरता न राहता धमकी, पत्ता शोधणं, फोटो मागणं इथवर गेला तर ती गेमची बाब उरत नाही. स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ जपून ठेवा, त्याचं खातं कंपनीला कळवा आणि पोलिसांत तक्रार करा. आयडीत खरं नाव, जन्मसाल, शाळा-कॉलेज असलं काही नको, आणि लॉबीत आलेल्या लिंकवर 'आमच्या टीमला मत द्या' असं असलं तर ती उघडायचीच नाही, खातं चोरायचा तो जुना मार्ग आहे. मुलींना आवाज ऐकताच त्रास सुरू होतो, हे मी लॉगमध्ये इतक्या वेळा वाचलंय की 'दुर्लक्ष कर' हा सल्ला त्यांना द्यायची मला लाज वाटते. तिथे टीममधल्या दुसऱ्या कुणीतरी लगेच बोलायला हवं. 'बस, गेम खेळ', एवढे शब्द खूप झाले. मी कित्येक मॅच एवढ्यावर शांत होताना पाहिल्या आहेत. चौघं आहात, तर हे काम तुमचं आहे.

आता तुमच्या चौथ्या मित्राबद्दल. हा तुमच्या प्रश्नातला शेवटचा भाग होता, पण मला वाटतं उत्तराचा बराचसा भाग इथेच आहे. तो दुसऱ्या आयडीवरून वॉलहॅक वापरतो म्हणता. पण मशीन तेच, अनेकदा फोन नंबरही तोच. काही अँटी-चीट मशीनची ओळख पटवूनच बॅन करतात, मग सगळ्या आयडी जातात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुमच्यावरचा परिणाम. काउंटर-स्ट्राइकमध्ये लॉबीतल्या एकाचा ट्रस्ट फॅक्टर घसरला तर गेम बाकीच्यांना इशारा देतो की याच्यामुळे तुमच्या मॅच बिघडतील. रायट जाणूनबुजून चीटरबरोबर खेळणाऱ्यांवरही कारवाई करते. सुक्याबरोबर ओलंही जळतं. गेल्या काही महिन्यांत तुम्हाला अचानक इतके हॅकर भेटायला लागले, आणि याच काळात त्याने हे सुरू केलं असेल, तर दोन्हींचा संबंध असण्याची मला दाट शक्यता वाटते. तो ती आयडी घेऊन तुमच्या लॉबीत कधी बसलाय का, हे आधी विचारा.

त्याच्याशी बोलताना नियम आणि बॅनची भीती घालू नका, त्यावर त्याच्याकडे उत्तरं तयार असतील. तुम्ही मला जे लिहिलंत तेच त्याला वाचून दाखवा. रात्रीचे दोन तास, हॅकर, वैताग, गेम सोडायचा विचार. समोरच्या टीममध्येही असेच चार मित्र बसलेत आणि त्यांच्या त्या दोन तासांचं हा काय करतोय, हे त्याला कळेल. बहुतेकांना कळतं. चीट काढायचं म्हणजे नुसती फाइल उडवून भागत नाही. असल्या प्रोग्रॅमबरोबर पासवर्ड चोरणारं बरंच काही येतं, म्हणून सिस्टिम नव्याने टाकायची आणि पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदलायचे. ती आयडी कायमची बंद.

नाहीच ऐकलं तर मैत्री ठेवा, पण लॉबीत घेऊ नका. मग दोन जागा रिकाम्या होतील, आणि त्या मॅचमेकिंगच्या भरवशावर सोडू नका. ज्यांच्याबरोबर खेळून बरं वाटलं, हरतानाही जे शांत राहिले, त्यांना मॅच संपताच फ्रेंड रिक्वेस्ट पाठवायची सवय लावा. आठवड्यात एक जण मिळाला तरी दोन महिन्यांत सात-आठ जणांची यादी होते, आणि रोज रात्री त्यातले दोघं तरी ऑनलाइन असतात. माझा जो गट आज आहे, तो असाच एकेक माणूस जोडत झाला. नव्या माणसाला पहिल्या दिवशी रँक्डमध्ये घेऊ नका. आधी दोन साध्या मॅच खेळा, त्यातली एक तरी हरू द्या, आणि तो तेव्हा काय बोलतो ते ऐका.